तपासणीचा निकाल दारावर लावा!

८ जुलै २०२५च्या रात्री मुंबईतल्या आकाशवाणी आमदार निवासाच्या उपाहारगृहातून आलेली डाळ बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड यांना नासलेली लागली. ते तरातरा खाली उतरले आणि त्यांनी तिथल्या कर्मचाऱ्याला ठोसे लगावले. ती चित्रफीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. पोटासाठी राबणाऱ्या माणसावर लोकप्रतिनिधीने हात उगारावा ही लाजिरवाणी गोष्ट होती आणि तिचा आम्ही निषेधच करतो. पण त्यानंतर जे घडले, तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. अन्न व औषध प्रशासन खडबडून जागे झाले. अधिकारी धावले, नमुने घेतले गेले, आणि दोन दिवसांच्या आत त्या उपाहारगृहाचा परवाना निलंबित झाला. दोन दिवस! म्हणजे या खात्याला पाय आहेत, डोळे आहेत, अधिकार आहेत आणि ते वापरण्याची अक्कलही आहे. मग हे सगळे आमदाराच्या ताटापुरतेच का? बाकीच्या जनतेच्या पोटाची या राज्यात किंमत किती?

ती किंमत मे २०२४ मध्ये मुंबईने पाहिली आहे. ट्रॉम्बेच्या महाराष्ट्र नगरमध्ये एका गाडीवर चिकन शोरमा खाल्लेला १९ वर्षांचा मुलगा चार दिवस उलट्या-जुलाबांशी झुंजत दवाखान्याच्या चकरा मारत राहिला आणि शेवटी गेला. त्याच्या आधी, एप्रिलच्या अखेरीस, गोरेगावात शोरमा खाऊनच बारा जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले होते. शहर एकच, पदार्थ एकच, दुखणे एकच. गोरेगावची घंटा वाजली होती. ती ऐकून शहरातल्या शोरम्याच्या गाड्या कोणी तपासल्या? कोणत्या बंद केल्या? त्या मुलाच्या आईबापांना ते आधी कळण्याची काही सोय होती का? नव्हती. आजही नाही. मुलगा गेल्यावर दोघा विक्रेत्यांना अटक झाली. मरणानंतर पोलीस आले. मरणाआधी यायला हवा होता तो अन्न सुरक्षा अधिकारी.

शोरम्याच्या सळईपुढे जरा उभे राहून बघा. वरचा थर जाळाला लागून तांबूस होतो, कारागीर तो लांब सुरीने खरवडून काढतो, आतला थर अजून कच्चाच असतो. गिऱ्हाइकांची रांग लागली की तो थर पुरता शिजायच्या आत सुरी चालते. गिऱ्हाईक ओसरले की गॅस वाचवायला जाळ बारीक होतो आणि अर्धेकच्चे मांस कोमट होऊन तासन्‌तास फिरत राहते. ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात रोगजंतू झपाट्याने वाढतात, आणि ते मांस नेमके त्याच पट्ट्यात टांगलेले असते. रात्री उरलेला गोळा काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढवला, की संकट दुप्पट. शेजारी उघड्या डब्यात कच्च्या अंड्याचे मेयोनीज, उन्हात आणि धुळीत. साल्मोनेलाला याहून अधिक काय हवे? चायनीजच्या गाडीवर चला. सकाळी उकडलेला भात परातीत पसरून संध्याकाळपर्यंत बाहेरच पडलेला. भातातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि विष सोडतात. त्यातले उलट्या करवणारे विष मोठ्या आचेवर परतूनही नष्ट होत नाही. कढईतून उठणारा जाळ आणि चरचर ऐकून गिऱ्हाइकाला वाटते, सगळे जंतू जळून गेले. जंतू जळतात, विष तसेच राहते. आणि तेल? एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल टाकून द्यायचे, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. काळ्याशार, फेसाळलेल्या तेलात दिवसामागून दिवस तळण चालते. ते तेल मोजायला कोण येतो?

गाडीवाल्यावर दात ओठ खाऊन थांबणाऱ्यांपैकी आम्ही नाही. गारेगार हवा, चकचकीत फरशी आणि टोपी घातलेली पोरे म्हणजे स्वच्छता, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी अमेरिकेतले १९९३ साल आठवावे. ‘जॅक इन द बॉक्स’ या बड्या साखळीच्या बर्गरमधून ई. कोलाय जंतू पसरले. सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार बालके दगावली. मांस आतपर्यंत ६८ अंशांना शिजले पाहिजे, असा वॉशिंग्टन राज्याचा नियम होता. त्या साखळीच्या भट्ट्यांवर ६० अंशांचे जुने परिमाण चालू होते. आठ अंशांच्या फरकाने घरे उजाड झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या बर्गरमधल्या कच्च्या कांद्यातून अमेरिकेच्या १४ राज्यांत १०४ जणांना तीच बाधा झाली, एकाचा जीव गेला. नाव मोठे असले म्हणून जंतू दाराबाहेर थांबत नाहीत. साखळीच्या एका गोदामात चूक झाली की ती शेकडो काउंटरांवर एकाच दिवशी वाढली जाते.

आता कायद्याकडे वळू. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६चा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. खाऊन माणूस मेला तर किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप, दंड दहा लाखांपेक्षा कमी नाही, आणि वारसांना किमान पाच लाखांची भरपाई. वाचायला जरब बसते. पण घाणेरड्या, अनारोग्यकारक स्थितीत अन्न तयार केल्याबद्दल दंड किती? जास्तीत जास्त एक लाख. ‘जास्तीत जास्त’ हे शब्द वाचकांनी विसरू नयेत. ज्या साखळीचा एका दिवसाचा गल्ला त्याहून मोठा आहे, तिला त्या दंडाचे काय? माणूस मेल्यावर कठोर होणारा आणि तो जिवंत असताना मवाळ राहणारा हा कायदा आहे.

तरीही आमचा मुख्य संताप दंडाच्या आकड्यावर नाही. तो आहे तपासणीच्या निकालावर. अन्न सुरक्षा अधिकारी हॉटेलात जातो तेव्हा त्याच्या हातात भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ठरवून दिलेली तपासणी सूची असते. उपाहारगृहांसाठीची ही सूची ११४ गुणांची आहे. पाणी पिण्यायोग्य आहे का, गोठवलेले मांस नीट वितळवले जाते का आणि वितळल्यावर पुन्हा ठेवले तर जात नाही ना, पदार्थ पुरेशा तापमानाला शिजतो का, तेलाची वेळोवेळी तपासणी होते का, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त आहे का, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली आहे का, अशा एकेका प्रश्नाला गुण आहेत. शंभर आणि वर म्हणजे उत्तम, ९१ ते ९९ समाधानकारक, ८४ ते ९० सुधारणा हवी, आणि ८४च्या खाली गेले की श्रेणीच नाही. काही प्रश्नांवर तारांकन आहे. त्यांतल्या एकात जरी नापास झाले तरी सगळी तपासणी नापास. प्रश्नपत्रिका तयार आहे, गुणपद्धती तयार आहे, श्रेणीही ठरलेली आहे, आणि ही गुणपत्रिका ज्याने ते अन्न खायचे त्या माणसाला दाखवली जात नाही! शाळेत पोराला गणितात किती पडले ते आईबापांना सही करून कळवावे लागते; ते पोर ज्या दुकानातून रोज फ्रँकी खाते, त्या दुकानाला स्वच्छतेत किती पडले, हे मात्र खात्याच्या फायलीतले गुपित. ते जाणून घ्यायचे तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, तीस दिवस वाट पाहा. भूक आज लागते. जुलाब आज रात्री होतात.

हे गुपित कोणाच्या भल्याचे आहे? खाणाऱ्याच्या नाही. प्रामाणिक हॉटेलवाल्याच्याही नाही. तो ताजे तेल वापरतो, चांगला माल आणतो, माणसांना हातमोजे आणि साबण देतो, त्याचा खर्च वाढतो, आणि शेजारच्या उकिरड्यापेक्षा त्याचा वडापाव पाच रुपयांनी महाग झाला की गिऱ्हाईक शेजारी जाते, कारण फरक दिसण्याची सोयच नाही. गुपित आहे ते घाणेरड्या हॉटेलवाल्याच्या भल्याचे. आणि ज्या कोणा अधिकाऱ्याला फायलीतला शेरा विकायचा असेल, त्याच्या भल्याचे. बंद पाकिटातला निकाल हाच हप्त्याचा कच्चा माल आहे.

नगरचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरातल्या केडगाव इथल्या मॅकडोनाल्ड्सच्या दुकानाची राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली. चीजच्या नावाखाली वनस्पती तेलाचा पर्यायी पदार्थ वापरला जातो, असा आक्षेप घेऊन परवान्यावर निलंबनाची कारवाई केली. कंपनीने आरोप ठामपणे फेटाळला, आपले चीज अस्सलच आहे असे सांगितले. तरी पदार्थांच्या नावांतून चीज हा शब्द मात्र काढला गेला. या वादात कोणाचे खरे, ते आज आम्ही ठरवत नाही. आम्ही विचारतो ते एवढेच, की ज्या गिऱ्हाइकांनी पैसे मोजून ते बर्गर खाल्ले, त्यांना हे केव्हा कळले? फेब्रुवारी २०२४ मध्ये, वर्तमानपत्रांतून! ऑक्टोबर ते फेब्रुवारी. तपासणी जनतेच्या पैशाने, जनतेच्या नावाने, आणि चार महिने जनताच अंधारात. कंपनी निर्दोष होती म्हणावे, तर तिचीही बाजू त्याच दिवशी लोकांपुढे यायला हवी होती. दोष होता म्हणावे, तर त्या चार महिन्यांत काउंटरवर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाची फसवणूक झाली. कोणत्याही बाजूने पाहिले तरी अपराधी ठरते ते खात्याचे मौन.

हे मौन जगात सगळीकडे चालते असेही नाही. लॉस एंजेलिसमध्ये नोव्हेंबर १९९७ मध्ये एका दूरचित्रवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने हॉटेलांची स्वयंपाकघरे दाखवली. लोक इतके खवळले की परगण्याच्या कारभाऱ्यांनी काही आठवड्यांतच नियम केला आणि जानेवारी १९९८ पासून दारांवर ए, बी, सी अशी अक्षरे झळकू लागली. जिन आणि लेस्ली या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की पाट्या लागल्यावर त्याच हॉटेलांचे तपासणीतले गुण वर चढले. न्यूयॉर्कने २०१० मध्ये तीच वाट धरली. वेल्सने २०१३ मध्ये कायदाच केला: शून्य ते पाच या श्रेणीची चिकटपट्टी प्रवेशद्वारापाशी दिसलीच पाहिजे, आणि गिऱ्हाइकाने तोंडी विचारले तर कर्मचाऱ्याने श्रेणी सांगितलीच पाहिजे. ज्याला शून्य मिळाले, त्याने शून्य लावायचे.

परदेशाचे राहू द्या. शेजारच्या तेलंगणात एप्रिल २०२४ पासून अन्न सुरक्षा आयुक्तांच्या पथकाने हैदराबादची नामांकित हॉटेले तपासायला घेतली आणि काय सापडले ते हॉटेलाच्या नावानिशी, छायाचित्रांसह समाजमाध्यमांवर टाकले. झुरळे, मुदत संपलेला माल, झाकण नसलेले कचऱ्याचे डबे, कृत्रिम रंग, सगळे. बंजारा हिल्स भागात मोमो खाऊन एका महिलेचा बळी गेल्यावर त्याच राज्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. केरळात मे २०२२ मध्ये कासारगोड जिल्ह्यात शोरम्याने एका शाळकरी मुलीचा जीव घेतला, तपासात शिगेला जंतू सापडला. जानेवारी २०२३ मध्ये त्या राज्याने कच्च्या अंड्याचे मेयोनीज बंद केले आणि पार्सलवर पदार्थ तयार केल्याची वेळ व तो किती वेळात खायचा याची चिठ्ठी सक्तीची केली. तिथे मृत्यूने सरकार हलले. ट्रॉम्बेच्या मृत्यूने मंत्रालयात कोणती फाईल हलली?

यावर आमच्याकडची उत्तरे ठरलेली. केंद्रीय प्राधिकरणाची स्वच्छता श्रेणी योजना आहे ना, पाच हसऱ्या चेहऱ्यांची! आहे. ती ऐच्छिक आहे. हॉटेलवाल्याने स्वतःहून पुढे यायचे, मान्यताप्राप्त खासगी संस्थेकडून आपली तपासणी करून घ्यायची, तिचे पैसेही त्यानेच द्यायचे. ज्याचे स्वयंपाकघर स्वच्छ, तोच पुढे येणार. ज्याच्या मोरीशेजारी कणीक मळली जाते, तो कशाला येईल? मग उत्तर येते, दर्शनी फलक लावणे सक्तीचे केले आहे. केले आहे. त्या फलकावर परवाना क्रमांक आणि हात धुण्याच्या सूचना असतात; गेल्या तपासणीत काय निघाले ते नसते. आणि ॲपवर जे तारे दिसतात ते चवीचे, डिलिव्हरीचे. ज्या बंद खोलीतल्या स्वयंपाकघराला गिऱ्हाइकाने कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याचा सरकारी तपासणीचा निकाल त्याच पडद्यावर, किमतीच्या शेजारी का नको?

हॉटेलमालकांचा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. एका वाईट दिवसाने वर्षांची पत धुळीला मिळेल, असे ते म्हणतात. तर दोष दुरुस्त केल्यावर ठरावीक दिवसांत फेरतपासणीचा हक्क त्यांना द्या, आणि नवा निकाल जुन्याच्या जागी लावा. छोट्या गाडीवाल्याला आधी शिकवा. हा माणूस नोंदणी करून धंदा करतो. त्याला नळाचे पाणी, सांडपाण्याची वाट आणि बर्फाच्या पेटीपुरती जागा पालिकेने दिली नाही, तर दंडाच्या पावत्या फाडून रोगराई थांबणार नाही. आणि जो पोऱ्या ताप अंगात घेऊन बटाटे सोलतो, तो हौसेने सोलत नाही. एक दिवस खाडा केला की रोज बुडतो म्हणून तो येतो. त्याच्या बोटाला जखम आहे की नाही, हे आम्ही विचारणार असू, तर आजारपणात त्याची मजुरी कापली जाणार नाही, हेही मालकाला विचारले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक कडू आहे: पाटी आली की पाटीचाच भाव फुटेल. फुटू शकतो. म्हणून पाटीवर नुसती श्रेणी नको. तपासणीची तारीख, मिळालेले गुण आणि तपासणाऱ्याचे पदनाम हवे, आणि पूर्ण सूची छायाचित्रांसह संकेतस्थळावर हवी. ज्या हॉटेलाला सोमवारी १०५ गुण मिळाले आणि बुधवारी तिथले वीस जण रुग्णालयात गेले, त्याच्या अहवालावरच्या सहीचा जाब मग सगळा गाव विचारील. आज ती सही फायलीत सुरक्षित झोपते.

माणसे कमी आहेत, हे रडगाणेही आम्हाला ठाऊक आहे आणि ते खोटे नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची, दिवाळी आली की खवा-पनीरवर छापे घालून छायाचित्रे काढायची, आणि उरलेले वर्ष हात वर करायचे, हे आलटून पालटून आलेल्या प्रत्येक सरकारने केले. प्रयोगशाळांची दशा महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्येच वेशीवर टांगली होती: देशातल्या ७२ राज्य प्रयोगशाळांपैकी ६५ना राष्ट्रीय मानांकन नव्हते. नमुन्याचा अहवाल १४ दिवसांत द्यावा असे कायदा सांगतो. ज्या प्रयोगशाळेचा अहवाल न्यायनिर्णयात टिकत नाही, तिथून तो चौदा दिवसांत आला काय आणि चौदा महिन्यांत आला काय! पदे भरा, प्रयोगशाळा उभ्या करा. जनतेच्या आरोग्यावरचा हा खर्च टाळण्याचा अधिकार कोणत्याही अर्थमंत्र्याला नाही. पण पदे भरेपर्यंत झालेल्या तपासण्यांचे निकाल लपवून ठेवण्याचे कारण काय? लपवायला मनुष्यबळ लागत नाही, म्हणून?

वाचकांनीही आता गप्प बसू नये. बिलावर चौदा अंकी परवाना क्रमांक पाहा; तो छापणे बंधनकारक आहे. नसेल तर तिथल्या तिथे विचारा. खाल्ल्यावर त्रास झाला तर बिल, उरलेला पदार्थ आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा, प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या नि:शुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. विकत घेतलेल्या अन्नाचा नमुना शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कायद्याच्या चाळिसाव्या कलमाने प्रत्येक खरेदीदाराला दिला आहे, आणि दोष निघाला तर ते शुल्क परत मिळते. हा हक्क धूळ खात पडला आहे.

अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना आमचे सांगणे सरळ आहे. दारावरच्या श्रेणीची देशभर सक्ती करायला केंद्रीय नियम बदलावे लागतील. ती मागणी महाराष्ट्राने दिल्लीत लेखी करावी आणि तिचा पाठपुरावा करावा. पण संकेतस्थळावर निकाल टाकायला दिल्लीची परवानगी लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम शासकीय कार्यालयांना आपणहून माहिती प्रसिद्ध करायलाच सांगते. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथून सुरुवात करा. गेल्या बारा महिन्यांत तपासलेल्या प्रत्येक हॉटेलाचे, साखळी दुकानाचे, क्लाउड किचनचे नाव, तारीख, ११४ पैकी गुण, आणि दिलेल्या सुधारणा नोटिशीचे पुढे काय झाले ते छापा. आमदार निवासाच्या उपाहारगृहाचाही अहवाल त्यात असू द्या. विधेयक नको, अभ्यासगट नको, निविदा नको. सूची भरलेल्या आहेत, त्यांवर सह्या झालेल्या आहेत. कपाटांच्या किल्ल्या तुमच्याच खात्याकडे आहेत.